शुक्रवारचा नुसता पाव

टोरोंटोचा हॉट डॉग भाजका. गाडीवाला सॉसेजला सुरीने चिरा पाडतो, जाळीवर भाजतो, पावात घालून हातात देतो. पुढचं आपलं आपण घ्यायचं: मोहरीचा सॉस, कांदा, काकडीचं लोणचं, आंबवलेला कोबी. पहिल्यांदा मी पाव धरून तसाच उभा राहिलो. आमच्याकडे वडापाववाला चटणी लावूनच देतो. शेवटी गाडीवाला म्हणाला, "दादा, माझ्याकडे काय बघतोस? डबे तिकडे आहेत."

मॉन्ट्रियलचा वाफवलेला, पावासकट मऊ, वर बारीक चिरलेला कोबी. व्हँकुव्हरला जपानी पद्धतीचा मिळतो, मेयोनीज आणि समुद्री शेवाळाच्या काळ्या पट्ट्या घातलेला. दोन्हीकडे ऑफिसच्या कामाने गेलो, दोन्ही एकट्याने खाल्ले. चवीला मॉन्ट्रियलचा पहिला, यात वाद नको. पण माझा आवडता टोरोंटोचाच, आणि त्यात सॉसेज नव्हतं.

नोकरीतला पहिला हिवाळा सरत आला होता. एटोबिको उपनगरातल्या भाड्याच्या बेसमेंटमधून निघायचं, सबवेने यायचं, डबा डेस्कवरच खायचा. टीममधले तिघे दर शुक्रवारी खाली गाडीवर जायचे. मला कुणी टाळत नव्हतं. बोलवायचं सुचत नव्हतं, एवढंच. मीही विचारलं नाही. वसईला वडील दुसऱ्याच्या केळीच्या वाडीत राबले. घरातली पहिली पदवी माझी. कुणाच्या घोळक्यात 'मला घ्या' म्हणत शिरायचं नाही, हे कॉलेजातच ठरवलं होतं.

एका शुक्रवारी त्यांच्यातली एक माझ्या डेस्कपाशी थांबली. "हॉट डॉग खायला येतोस?"

कोट चढवून लिफ्टमध्ये शिरलो आणि मग आठवलं. आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ चालू होता. ईस्टरपर्यंत शुक्रवारी मांस नाही. घरी त्या दिवशी मासळीच शिजते. परत फिरलो असतो तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

"सॉसेज नको," मी गाडीवाल्याला म्हणालो. "नुसता पाव दे."

"मग मी इथे थंडीत कशाला उभा आहे?"

तिघे हसले. मी पावात कांदा, कोबी, लोणचं, सॉस, मावेल तेवढं भरलं. बोचऱ्या वाऱ्यात भिंतीला टेकून चौघांनी खाल्लं.

"तुझा डॉग पळाला वाटतं," एकजण म्हणाला.

"शुक्रवारी त्याला सुट्टी असते."

मग मी उपवासाचं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. जरा जास्तच नीट.

पुढच्या शुक्रवारी बोलावणं आलं नाही. माणसं सभ्य, मला अवघड वाटू नये म्हणून हळू आवाजात बोलत निघून गेली. ईस्टर झाला, बर्फ वितळलं, तरी तेच. एकदा ती जाता जाता म्हणाली, "सॉरी हं, तुझा शुक्रवार असतो ना." मी नुसता हसलो. उपवास केव्हाच संपला, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण ते म्हणजे 'मला घ्या' म्हणणंच झालं असतं.

जूनमध्ये एका शुक्रवारी ते वाक्य मनात जुळवत खाली उतरलो. मीटिंग लांबल्याने उशीर झाला होता. गाडीपाशी कुणी नव्हतं.

"तुझे मित्र आत्ताच वर गेले," गाडीवाला म्हणाला. पाव चिरत त्याने विचारलं, "आज सॉसेज घालू?"

"नको, त्या दिवशीसारखा नुसता पाव दे," मी म्हणालो, आणि कांद्याचा डबा पुढे ओढला.