माझ्या वाटणीच्या चुका

आमच्या शिवणक्लासच्या बाईंनी मला फसवलं. शिकवते म्हणून जवळ बसवलं आणि माझं सगळं काम स्वतःच्या हाताने करून टाकलं. खरं शिकवणं मिळालं ते मुलुंडहून येणाऱ्या एका डावखुऱ्या बाईला. आणि आता क्लासची किल्लीही तिलाच.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावरच्या चाळीत बाईंची खोली होती. भिंतीला लागून मशिनी, मधोमध कापायचं लांब टेबल. मी नवीन लग्न होऊन आलेली. हातात काही नव्हतं, तोंड मात्र होतं. पहिल्याच दिवशी सौदा केला. क्लास उघडायच्या आधी येऊन मी खोली झाडीन, चिंध्या उचलीन, मशिनींना तेल घालीन. बदल्यात बाईंच्या शेजारची जागा माझी, कायमची.

"माहेरी वकिली करत होतीस काय गो?" बाई म्हणाल्या. पण जागा दिली. बाकीच्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली. मी जिंकले होते.

त्या जागेत काय होतं ते आता सांगते. मी खडू टेकवला की बाईंचा हात यायचाच. "थांब, वाकडी जातेय. आण गो हकडे." मग रेघ त्या मारायच्या. कात्री उचलली की, "कापड वाया घालवशील, आण." कापायच्याही त्याच. मी टाचण्या धरून उभी. माझे ब्लाउज वर्गात सगळ्यात सुबक व्हायचे. बाई ते नव्या बायकांना उंच धरून दाखवायच्या, आणि मी मान ताठ करून बसायचे. कौतुक माझं चाललंय की बाईंच्या हाताचं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही. फुकटचं कौतुक कोण परत करतं?

ती मुलुंडची क्लासला माझ्यानंतर आली. जागा मिळाली टेबलाच्या पार टोकाला, पंखा पोचत नसे तिथे. डावखुरी, म्हणून कात्रीही डाव्या हाताची, स्वतः घेऊन आलेली. पहिल्या दिवशी बाईंनी सवयीने ती कात्री तिच्या हातातून ओढली आणि कापडाला लावली. बाईंच्या उजव्या हातात तिची पाती उलटी पडली; कापड कापेचना, पात्यांमध्ये नुसतं दुमडलं. बाईंनी पुन्हा जोर केला, पुन्हा तेच. वैतागून कात्री खाली आपटली.

"ह्या माझ्याच्यान होणार नाय. मी तोंडाने सांगेन, तुझं तू काप बाय."

एवढंच झालं. ह्याला लोक आता बाईंचं शिकवण्याचं कसब म्हणतात.

तिने पहिल्याच ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या. बाहीचा पुढचा गोल खोल असतो, मागचा उथळ. एकेक बाही सुटी कापताना दुसऱ्या खेपेला कागदाचा फर्मा उलटा ठेवायला विसरलं, की डावीच्या जागी दुसरी उजवीच तयार होते. सगळ्या हसल्या. माझा आवाज सगळ्यात मोठा.

"काय गं, दोन्ही हात एकाच बाजूला आहेत का तुझे?"

"हसून घे," ती म्हणाली. "पण डाव्या खांद्याला पुढून का ओढतंय ते सांग ना. तू तर बाईंच्या मांडीवर बसतेस."

मला सांगता आलं नाही. माझ्या बाह्या कधी चुकल्याच नव्हत्या. बाई टेबलाच्या ह्या टोकावरून ओरडल्या, "घालून हात वर कर. आता खाली कर. खय ओढता ता बघ." ती कच्च्या टाक्यांचा तो ब्लाउज घालून हात वरखाली करत राहिली, मग बाही उसवली. उसवताना कुठे चुकलं ते तिचं तिला दिसलं. मी समोर बसून पाहत होते, तिच्या चेहऱ्यावर ते उमटलं. असं काही मला त्या खोलीत कधीच दिसलं नाही, आणि तेव्हापासून ती बाई मला डोळ्यांसमोर नको झाली.

पुढे मी दुकान टाकलं. कोणाच्या मेहेरबानीने नाही. कापडवाल्याशी भांडून, जागेच्या मालकाला बोलून बोलून थकवून उभं केलं. आज चालू दुकान आहे. पण कटिंगला मास्टर ठेवलाय. एक खांदा उतरलेलं, पाठीला बाक आलेलं गिऱ्हाईक आलं की फर्मा चालत नाही आणि माझा हात थांबतो. तो मास्टर सुट्टीवर गेला की मी कारणं सांगत बसते. दुकानात सगळे मला मॅडम म्हणतात. बाई कोणी म्हणत नाही. मला ते 'बाई'च हवं होतं.

यंदा बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. त्या गावी जायला निघाल्या. क्लास कोणाला द्यायचा म्हणून मला आणि त्या डावखुरीला बोलावलं आणि एकेक नवी शिकाऊ बाई दिली. "बाही शिकवा," म्हणाल्या. "बस्स."

माझ्या शिकाऊचा खडू कापडावर हलायला लागला. "थांब, वाकडी जातेय," मी म्हटलं आणि खडू घेतला. मग कात्रीही घेतली. फर्मा होता, माप साधं होतं. बाही अशी झाली की बघत राहावं. तिकडे तिची शिकाऊ चुकली, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या. मला हसू आवरेना. ती आपले दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी.

"अंगाला लावून बघ गं," एवढंच म्हणाली.

मग बाईंनी दोघी शिकाऊंसमोर वर्तमानपत्र टाकलं. "आता एकटीने कापा." तिच्या शिकाऊने कागद स्वतःच्या दंडाला लावला, फर्मा उलटला, कापला. माझीने कात्री धरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

बाईंनी किल्ली तिच्या हातात दिली.

"हे काय बाई? झाडलोट मी केली. शेजारी मी बसले."

"अगो, तू तिच्या हातातली कात्री घेतलीस. असा शिकवतत काय?"

"मग कसं शिकवतात? मला एकच माहितीये. तुमच्याकडून शिकलेलं!"

बाई चष्मा पुसत बसल्या. नवी मालकीण म्हणाली, "चहा टाकू का?" जणू घर तिचंच. मी चपला घातल्या.

बाई, तुम्ही अजून इथेच आहात, कोकणात पोचला नाहीत, म्हणून लिहिते. जागा मी मागितली होती, कबूल. कात्री काढून घ्या असं सांगितलं नव्हतं. माझ्या वाटणीच्या चुका तुम्ही मला करू दिल्या नाहीत, आणि आता मला चुका करू देता येत नाहीत म्हणून मला नापास केलंत. त्या दिवशी तिची कात्री तुमच्या हातात चालली असती, तर आज किल्ली कोणाकडे असती? चष्मा नंतर पुसा. आधी उत्तर द्या.