तळेघरला न उगवलेला चंद्र

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण हे सांगताना मला अजूनही घाम फुटतो.

राजुरीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्रावर आपण बोलू शकतो, असा माझा समज. त्यात नवीन लग्न. दोन हजार आठची दिवाळी उलटली आणि मी बायकोला घेऊन तळेघरला सासुरवाडीला गेलो. आपलं चांद्रयान तेव्हा चंद्राभोवती फिरत होतं आणि नुकतीच त्यानं एक पेटी खाली सोडून चंद्रावर आदळवली होती. ती बातमी मी सासूबाईंना तिखटमीठ लावून सांगितली. पेटी केवढी होती ते मला विचारू नका. सासूबाईंसमोर ती ट्रकएवढी झाली.

त्यांचा चेहरा उतरला. "त्याला लागलं आसंल का वो, पावणं?" एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी नेमकी संकष्टी. सासूबाईंचा उपास, वर साखरेचा आजार, आणि चंद्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. मग आपण तरी मागे का राहायचं? जन्मात कधी केला नव्हता, पण मीही उपास जाहीर करून टाकला.

संध्याकाळी अंगणात बसलो. कॅलेंडरात छापलेली चंद्रोदयाची वेळ झाली. वेळ टळली. आभाळ स्वच्छ, चांदण्या ढीगभर, आणि चंद्राचा पत्ता नाही! आमच्या राजुरीत कसं, वेळ झाली की चंद्र उसावरून वर येतो. इथे पूर्वेला नुसता काळा डोंगर उभा. आता एवढा डोंगर समोर दिसतोय, तर माणसाला कळायला नको? पण माझ्या डोक्यात ती पेटी बसलेली. जरा जास्तच जोरात आदळली असेल तर?

मोबाइलला रेंज नाही. बॅटरी घेऊन खालच्या दुकानातल्या फोनकडे पळालो आणि राजुरीला भावाला लावला. म्हटलं, बाहेर जाऊन बघ, चंद्र आहे का.

"आरं, कवाच उगवलाय. आमी जेवून बसलोय," तो म्हणाला. "तू घेतलीस का काय?"

मी फोन ठेवला. म्हणजे राजुरीला आहे आणि तळेघरला नाही! अर्धाच उरला की काय? मग दुसरा अर्धा कुठे पडणार? दुकानदाराला विचारायची लाज वाटली. त्यात बिबट्याची भीती वेगळीच. मान खाली घालून जो सुटलो, तो घरापर्यंत. वाट मात्र लख्ख दिसत होती. बॅटरीत नवे सेल टाकले होते, त्यांचा गुण म्हटलं.

घरात शिरून दार लावून घेतलं. बायकोनं, सुरेखानं, पाट मांडले होते. मी म्हटलं, वाढू नकोस, चंद्र आज उगवणार नाही. उद्याचंही काही सांगता येत नाही. सुरेखा तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. दोघींनी माना खाली घातल्या. ते बघून मी आणखी हादरलो. यांनाही पटलं, म्हणजे खरंच असणार!

तेवढ्यात सासूबाईंना भोवळ आली. भिंत धरून खाली बसल्या, कपाळावर घाम. दवाखाना लांब, एसटी सकाळी. पहिल्याच मुक्कामात सासू घालवणारा जावई, हे तोंड कुठे दाखवायचं?

"मामी, काहीतरी खाऊन घ्या," मी रडकुंडीला आलो. "पाप लागलं तर मला लागू द्या."

"आदी तुमी खा," त्या पुटपुटल्या. जावयाच्या आधी घास घ्यायचा नाही, ही त्यांची रीत.

मी अख्खा मोदक तोंडात कोंबला. मगच त्यांनी एक घेतला. थोड्या वेळानं त्या सावरून बसल्या, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

मग सुरेखानं दंडाला धरून मला अंगणात नेलं. डोंगराच्या वर चांगला दोन हात चंद्र आलेला. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. मी फोनला गेलो तेव्हाच तो वर आला होता आणि सासूबाईंची पूजाही उरकली होती. जेवायच्या थांबल्या होत्या त्या माझ्यासाठी.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"मी सांगतच व्हते," सुरेखा म्हणाली. "पर आईनं गप केलं. म्हनली, जावई म्हनत्यात उगवनार न्हाई, मग आपन कसं म्हनायचं उगवलाय?"