समोरच्या काकू आणि त्यांच्या दाराची दोन भोकं

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, शुद्धलेखन चुकतं, आणि अक्षर तर कोंबडी वहीवरून चालून गेल्यासारखं येतं. माझ्या मुलीच्या, नंदाच्या, दहावीच्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, त्यात हे लिहीत आहे. कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितलेली बरी.

आमच्या परतूरच्या गल्लीत असं काही घडलंच नाही, की जे समोरच्या काकूंनी पाहिलं नाही. कुणाकडे पाहुणे आले, ते जेवले की नुसत्या चहावर गेले, कुणाच्या सुनेनं माहेरून येताना किती पिशव्या आणल्या, हे त्या घरच्या माणसांआधी काकूंना माहीत असायचं. त्यांचे यजमान रेल्वेत फाटकवाले होते. काकूंची सारी उमर फाटकाजवळच्या खोलीत, येणारं-जाणारं माणूस बघण्यात गेली. मूलबाळ नव्हतं. यजमान वारले, फाटक सुटलं, पण बघणं काही सुटलं नाही. त्यांच्या दाराच्या फळीतली एक गाठ निखळून रुपयाएवढं भोक पडलं होतं. ते बुजवायला सुतार आला, तर काकूंनी त्याच्याकडून खाली आणखी एक भोक पाडून घेतलं. "उभ्यानं बघून बघून गुडघे दुखायलेत, बाबा," म्हणाल्या. "एक बसून बघायला पायजे."

मी गल्लीत मान खाली घालून चालणारी. पाण्याच्या नळावरही शेवटी जायची, म्हणजे कुणाशी बोलावं लागत नाही. काकू मला 'मुके' म्हणायच्या. त्यांच्याकडे स्टोव्ह होता, म्हणून भांडी घासायला राख माझ्या चुलीतली न्यायच्या आणि वाटीभर राखेच्या बदल्यात तासभर गल्लीच्या बातम्या सांगायच्या. मी नुसतं "हं" म्हणायचं. तेवढ्यावर त्या खूष असायच्या.

एकदा त्या अशाच ज्वारी निवडत बसल्या होत्या आणि नंदा मोठ्यानं इंग्रजीचं पाठांतर करत होती. 'स्पाय ऑन' असं काहीतरी ती चार वेळा म्हणाली. काकूंनी सूप थांबवलं. "ह्याचा अर्थ काय गं?"

"लपून दुसऱ्यावर नजर ठेवणं," नंदा म्हणाली आणि तोंडाला ओढणी लावून हसायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काकूंचा चेहरा एकदम फुलला. "म्हंजे इंग्रजांनी बी ह्या कामाला नाव ठेवलंय? मला वाटलं, मी एकलीच करून राह्यले!"

त्या दिवसापासून काकूंना दुसरा शब्द नको झाला. "आज पोस्टमनवर स्पाय ऑन केलं, मास्तरणीला मनिऑर्डर आलीय." नंदा सांगायची, "काकू, त्या ऑनमध्येच 'वर' आलं, पुन्हा 'वर' कशाला?" काकू म्हणायच्या, "असू दे जास्तीचं. पोस्टमन उंच हाय."

त्याच वर्षी कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनच्या पट्ट्यात नंदाच्या वडिलांचा उजवा हात सापडला. ते दोन महिने जालन्याच्या दवाखान्यात होते. घरातलं धान्य संपत आलं, म्हणून मी सकाळची चूल बंद केली. एकवेळचं संध्याकाळी करायचं. पण सकाळी माझ्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला नाही तर गल्लीला कळेल, या लाजेनं मी रोज ओला फडका परातीत ठेवून थापायची. थप थप थप, चार भाकरींचा वेळ. नंदा भिंतीकडे तोंड करून अभ्यास करायची. तिच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती आणि ती पैसे मागत नव्हती, हे मला जास्त लागत होतं.

पाचव्या दिवशी काकू राखेची वाटी घेऊन आल्या. चुलीत बोट घालून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मुके, रोज सकाळी थापायचा आवाज येतो, धूर बिलकुल न्हाई. भाकरी काय उन्हात भाजतीस?"

मी परातीवर पदर टाकला. काकू राखेची वाटी तिथंच ठेवून गेल्या. परत आल्या तेव्हा डोक्यावर अर्धं पोतं ज्वारी होती आणि पेन्शनमधले दोनशे रुपये रुमालात बांधलेले. "हे फॉर्मला. हे तुमच्या पोटाला. जल्दी कर, मुदत परवा हाय."

नंदाचा फॉर्म भरला गेला. आणि मी काय केलं? खताचं पोतं फाडून दाराला पडदा लावला. कुणीतरी आपली रिकामी परात पाहिली, हे मला सहनच होईना. काकूंच्या भोकासमोर बरोबर तो पडदा यायचा. महिन्याला दहा रुपये फेडायला मी जायची, तेव्हा त्या नोट उजेडाला धरून तपासायच्या, हा त्यांचा जुना रिवाज, आणि म्हणायच्या, "पडदा झकास हाय तुझा. रोज उठून 'युरिया' वाचते. दुसरं काही लिहून तरी आण त्याच्यावर." मी हसायची नाही. मला वाटायचं, ह्यांनी परातीची गोष्ट गल्लीभर केली असणार. नळावर बायका बोलायच्या तर माझंच बोलतात असं वाटायचं. पुष्कळ दिवसांनी कळलं, की आख्ख्या गल्लीच्या बातम्या सांगणाऱ्या काकूंनी ही एक बातमी कुणालाच सांगितली नव्हती.

नंदा पास झाली. तिचे वडील डाव्या हातानं काम करायला शिकले. आणि एका सकाळी काकूंचं दार उघडलं नाही.

ते मला दिसलं नाही. माझ्या दाराला पडदा होता. दुपारी दूधवाल्यानं हाक मारली, माणसं जमली, दार ढकललं. काकू खालच्या भोकापाशी पडल्या होत्या. अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, पण डोळा उघडा होता. सकाळपासून त्या भोकातून त्यांना काय दिसत असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी मी पडदा काढून चुलीत घातला. तोवर काकूंचा भाचा त्यांना बदनापूरला आपल्या घरी घेऊन गेला होता.

माझे अजून पन्नास रुपये राहिले होते. ते जमायला पाच महिने लागले. तेवढ्या दिवसांत मी आणखी एक काम केलं. आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून गल्ली पाहिली. नुसते पैसे घेऊन त्यांच्याकडे कसं जायचं?

पॅसेंजरनं बदनापूरला गेले. काकू खिडकीशी खाटेवर होत्या, खिडकीबाहेर शेजारच्या घराची कोरी भिंत. मला पाहून त्यांचा चांगला डोळा भरून आला. मी त्यांच्याजवळ बसले आणि बोलायला लागले. मास्तरणीची बदली झाली. पोस्टमनला मुलगी झाली, त्यानं गल्लीत पेढे वाटले, तुमच्या बंद दारासमोर दोन मिनिटं उभा राहिला. तुमच्या दारात मांजर व्यायली, तीन पिल्लं, एक काळं. तासभर बोलले. मधे मधे काकू "हं" करत होत्या. तेवढंच त्यांना येत होतं.

"काकू, तुमच्या दारावर बी स्पाय ऑन करून राह्यले मी," म्हटलं. त्यांचं अर्धं तोंड हसलं.

मग मी दहाच्या पाच नोटा त्यांच्या डाव्या हातात ठेवल्या. "हे शेवटचे. दोनशे पूर्ण झाले." त्यांनी एक नोट हळूहळू उचलली, रिवाजाप्रमाणे उजेडाला धरली, तपासली, आणि नोटेच्या आडून एका डोळ्यानं माझ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.