ढकलायला बाया बोलवा

माझी माय येरमाळ्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि माझे वडील गावच्या सहकारी सोसायटीची जीप चालवायचे. एके दिवशी ती जीप माझ्या मायनं ढकलली. स्टीअरिंगवर वडील होते. शेजारी सोसायटीचे चेअरमन बसले होते, मागं त्यांचा पुतण्या. दोघांपैकी एकही खाली उतरला नाही.

जीपचं दुखणं विचित्र होतं. पळताना ठणठणीत. थांबून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन थरथरायचं, गचके द्यायचं आणि बंद पडायचं. सेल्फ स्टार्टर मेलेला, पुढून फिरवून चालू करायचं हँडल कधीच गायब झालेलं. ढकलल्याशिवाय ती चालू होत नसे. म्हणून चेअरमन कामावर आले की गाडी चालूच ठेवायला लावत आणि बसल्या जागेवरून चौकशी करत. खाली उतरायचं म्हणजे धूळ लागते ना! त्यांचं बोलणं संपायच्या आत इंजिन मरायचं आणि मुकादम ओरडायचा, "ढकलायला बाया बोलवा!"

बाया म्हणजे आमच्या बौद्धवाड्यातल्या. पलीकडं पाटलांच्या भावकीतल्या बायाही खडीच फोडत होत्या. दुष्काळानं त्यांनाही रस्त्यावर आणलं होतं. त्यांना कुणी कधी हाक मारली नाही. एकाच खडीवर, एकाच उन्हात बसूनही कुणाला उठवायचं हे मुकादमाला न सांगता कळत होतं. मी कॉलेजच्या सुट्टीत तिथंच घमेली उचलत होतो. समतेची पत्रकं वाचून वाढलेला मी, हे रोज बघत होतो.

मायनं जीप ढकलली त्या दिवशी चेअरमन सगळ्यांदेखत वडिलांना म्हणाले, "पुढच्या खेपेला बंद पडली तर किल्ली दे आन् बायकूशेजारी हातोडी घिऊन बस."

लोक हसले. आमचेही हसले. त्या हसण्याचा राग मला चेअरमनवरच्या रागाहून जास्त आला.

संध्याकाळी माय एवढंच म्हणाली, "तुमची गाडी लई जड हाय वो."

दुसऱ्या दिवशी सोसायटीला सुट्टी होती. वडील आणि मी गोदामामागच्या लिंबाखाली जीप उघडून बसलो. त्यांनी प्लग काढून घासले, पॉइंटची फट बघितली. कार्बोरेटर खोलला, बारीक छिद्रांतून फुंकर मारली. आत धूळ होती, ती निघाली. सगळं जोडून गाडी उतारावर नेली आणि चालू केली. पाय काढताच मेली.

"दादा, कार्बोरेटरचा स्क्रू चढवून ठेवा की," मी वडिलांना म्हणालो. "इंजिन जोरात फिरंल, बंद तर पडणार न्हाय."

"तापातल्या माणसाला पळवायचं व्हय?" ते चिडले. पण चढवून बघितला. इंजिन बोंबलत चालू राहिलं. स्क्रू जरा उतरवला की पुन्हा गचके.

मग त्यांनी मला पायानं ॲक्सिलरेटर जरासा दाबून धरायला सांगितलं आणि स्वतः कान लावून वाकले. "गप बस. कुठंतरी हवा वढतंय." कार्बोरेटरच्या खालच्या बाजूला हात फिरवत गेले आणि एकदम थांबले. "सोड पाय."

मी पाय काढला. इंजिन संथ चालत राहिलं. त्यांनी अंगठा काढला, गचके सुरू. अंगठा दाबला, पुन्हा संथ.

अंगठ्याखाली एक उघडं तोंड होतं. काचेवरचे वायपर इंजिनाच्या ओढीवर चालत. त्यासाठीची रबरी नळी तिथं बसवलेली असायची. ती बुडापासून कापलेली होती. पाऊसच नाही, तर वायपर कोण लावतो? कुणाच्या लक्षात येणार? नळी मात्र आम्ही दोघांनीही बघितली होती, पुतण्याच्या फटफटीच्या हँडलला गुंडाळलेली. तो त्या नळीनं जीपच्या टाकीतलं पेट्रोल ओढायचा. सभासदांचं पेट्रोल, सभासदांच्या जीपमधून, सभासदांच्याच नळीनं. आणि गाडी ढकलायच्या सभासदांच्याच बायका!

मी भडकलो. "आत्ताच्या आत्ता चला त्यांच्या घरी."

"आधी भोक बुजवू दे," ते म्हणाले. बाभळीची खुंटी तासली, तिला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि ठोकून बसवली.

पुढच्या खेपेला जीप चेअरमन आणि पुतण्याला घेऊन कामावर आली, थांबली आणि चालू राहिली. चेअरमन खुशीत होते. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघितलं का? दम दिला की कशी दुरुस्त हुती!"

वडिलांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद.

"दमानं न्हाय, साहेब. वायपरची नळी कापल्याली हुती, तिथं खुंटी मारलीय. नळी तुमच्या पुतण्याच्या फटफटीला हाय, घरी जाऊन बघा. पेट्रोल वढायला."

हातोड्या थांबल्या. पुतण्या कुणाच्याच डोळ्यांकडं बघेना. चेअरमनचा चेहरा काळवंडला. "लई बोलाय लागलास. गाडी चालू कर."

"सेल्फ न्हाय, साहेब. ढकलावी लागंल."

मुकादमानं सवयीनं हाक मारली. सवयीनंच आमच्यातल्या दोघी उठल्या. माय म्हणाली, "बसा गं खाली. जीपमधी गडी बसल्यात दोन."

उठलेल्या दोघी खाली बसल्या. पलीकडची टोळीही हलली नाही. शेवटी पुतण्या उतरला, मग मुकादमानं हात लावला. तरी गाडी हलेना, तेव्हा चेअरमन उतरले. त्यांनी हात लावला आणि जीप धुरळा उडवत चालू झाली.

दुसऱ्या दिवशी वडिलांकडून किल्ली काढून घेतली. कारण दिलं, उद्धट वर्तन. पेट्रोलचा शब्दही कुणी काढला नाही. एकाही सभासदानं विचारलं नाही. सहकाराची भाषणं त्या वर्षीही झाली आणि टाळ्याही पडल्या. वडील हातोडी घेऊन मायच्या शेजारी बसले. मी घमेलं उचलताना त्यांच्याकडं बघत होतो. ते मायला फोडताना दगड कसा धरायचा ते विचारत होते, आणि ती म्हणत होती, "बोट सांभाळा, दगूड काय तुमची जीप न्हाय."