कपलडिच ब्रॅकेट

सिरिल कपलडिचनं शुक्रवारी बसच्या किल्ल्या डेपोतल्या टेबलावर ठेवल्या, निवृत्त झाला, आणि सोमवारी सकाळी आठला जुन्या विमानतळावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला. विमानतळ म्हणजे काय, भेगाळलेली काँक्रीटची पट्टी आणि तिच्यावर चरणाऱ्या मेंढ्या. इंग्लंडच्या लिंकनशायरात असे विमानतळ पैशाला पासरी. युद्धात इथून रोज बॉम्बर उडायचे. त्यातलंच एक लँकेस्टर, नऊ म्हातारे मिळून त्या शेडमध्ये पुन्हा जोडत बसले होते. शेपूट झालं होतं, उजवा पंख झाला होता, मधल्या भागाच्या नुसत्या बरगड्या होत्या.

त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष रेजिनल्ड टाउल. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला, त्यामुळे बोलताना समोरचा चुकणार हे गृहीत धरायचा.

"तुला काय येतं?" त्यानं विचारलं.

"बस चालवता येते."

"मग तू कागदपत्रं बघ."

कागदपत्रं म्हणजे बादल्या. १९४३ साली ब्लेड्स कुटुंबाच्या शेतात एक लँकेस्टर कोसळलं होतं. आतले सातही जण हवाई छत्र्या घेऊन आधीच उतरले, त्यातला एक तर थेट चर्चच्या अंगणात. विमान मात्र जमिनीत घुसलं. मंडळानं ती जागा खणून निघालेले तुकडे सहा बादल्यांत भरून ठेवले होते. कुठला तुकडा विमानात कुठे बसत होता, ते सिरिलनं शोधायचं.

सिरिल मुळातच चिवट. दोनशे बारा तुकड्यांपैकी दोनशे अकरा त्यानं तीन वर्षांत जागेवर लावले. राहिला तो एक. वीतभर लांबीची, कोपरात वाकवल्यासारखी लोखंडी पट्टी, तिला तीन भोकं, आणि एका टोकाला ठोकलेली अक्षरं: B4. विमानाच्या एकाही नकाशात ती नव्हती.

त्या पट्टीनं सिरिलची आठ वर्षं खाल्ली. बायको ऑड्री जेवताना ताटाशेजारची पट्टी उचलून खिडकीत ठेवायची, सिरिल ती परत आणायचा.

"सिरिल, आज आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे."

"हो गं. म्हणूनच घासूनपुसून आणलीय."

शेवटी त्यानं निष्कर्ष काढला. ही पट्टी दिशादर्शकाच्या, म्हणजे विमानात नकाशा बघून मार्ग सांगणाऱ्याच्या, टेबलाखालचा आधार. B4 ही तपासनिसाची खूण. विमानाचं बाकी सगळं हलक्या धातूचं असताना हीच लोखंडाची का, यावर त्यानं चार पानं लिहिली. पुरावा म्हणून तो दोन बस बदलून, प्लमचा केक घेऊन, वृद्धाश्रमातल्या लेन ओक्सबीला भेटला. लेन युद्धात दिशादर्शक होता. त्यानं पट्टी हातात घेतली, केककडे पाहिलं, आणि म्हणाला, "अरे हो! हिच्यावरच तर मी चहाचा थर्मास अडकवायचो!"

१९९७ साली मंडळाच्या पत्रिकेत लेख छापून आला, मापांसकट. वर्षभरात कॅनडातल्या हौशी मंडळींनी तशी पट्टी बनवून आपल्या विमानात बसवली. मग ऑस्ट्रेलियात बसली. एका डच माणसानं आपल्या जाडजूड ग्रंथात तिला नावच देऊन टाकलं: कपलडिच ब्रॅकेट. सिरिलनं ते पान ऑड्रीला दाखवलं. ती म्हणाली, "आता तरी ताटाशेजारून हलेल का?" हलली. शेडमधल्या विमानात टेबलाखाली दोन बोल्टांनी घट्ट बसली.

चार वर्षांनी, लोकांना विमान बघायला बोलावतात त्या रविवारी, मिस ईनिड ब्लेड्स आली. वय ब्याऐंशी, पायात रबरी बूट, त्याच शेताची मालकीण. ती शिडी चढून आत गेली आणि टेबलाखाली वाकून ओरडली, "अगं बाई! हा तर आमच्या सलगम चिरायच्या यंत्राचा खटका!"

सिरिल हसला. "नाही मिस ब्लेड्स, हा दिशादर्शकाचा—"

"बदकू, मला नको शिकवूस." ती सगळ्यांनाच बदकू म्हणायची, महापौर आला तरी. "तुमच्या विमानानं शेतात एवढं भोक पाडलं, ते बाबांनी घरातल्या अडगळीनं बुजवलं. मोडका पलंग, चुलीचं दार, त्यात हा पण गेला. तेव्हापासून मेंढ्यांचे सलगम मी कुऱ्हाडीनं तोडतेय. बी म्हणजे ब्लेड्स. चार म्हणजे चौथं यंत्र."

"आणि पलंग?" सिरिलनं क्षीण आवाजात विचारलं.

"तो नाही मिळाला तुम्हाला?"

मिळाला होता. शेपटीकडच्या तोफवाल्याच्या आसनाचा सांगाडा म्हणून टाउलनं तो दहा वर्षांपूर्वीच बसवला होता.

सिरिल तीन दिवस नीट जेवला नाही. चौथ्या दिवशी तो लेनकडे गेला. लेन आता नव्वदीच्या घरात होता, पण डोकं शाबूत.

"लेन, खरं सांग. तू तिथं थर्मास अडकवायचास?"

"छे! थर्मास पायांत धरायचो."

"मग हो का म्हणालास?"

"तुझा चेहरा बघून रे. दोन बस बदलून आला होतास. आणि केक काय झकास होता!"

सिरिलनं सगळीकडे पत्रं धाडली: चूक माझी, ही पट्टी शेतीच्या यंत्राची आहे, कृपया काढून टाका. कॅनडातून उत्तर आलं की पट्टी काढून पाहिली, टेबल डुगडुगतं, तेव्हा ती मूळचीच असणार. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी. डच माणसानं कळवलं की सलगमवाल्यांनी विमानाचीच नक्कल मारलेली दिसते. यंत्र १९११ सालचं होतं. तो मुद्दा त्याच्या मते गौण.

मग मंडळाची बैठक. चहा, डुकराच्या मांसाची पाई, आणि विषय एकच.

"सिरिल," टाउल चष्मा पुसत म्हणाला, "तुझं म्हणणं तज्ज्ञाच्या मताच्या विरुद्ध जातंय."

"कुठला तज्ज्ञ?"

"तू. सत्त्याण्णव सालचा."

"पण तो मीच होतो!"

"तेव्हा तू अभ्यास करून बोलत होतास. आज तू एका मेंढपाळ बाईच्या सांगण्यावरून बोलतोयस."

मतदान झालं. पट्टी राहावी म्हणून सात मतं, काढावी म्हणून दोन. दुसरं मत कुणाचं ते कळलं नाही. झोपेत हात वर गेलेल्या एका सभासदावर टाउलचा संशय होता.

मंगळवारी सगळे जेवायला पबमध्ये गेले, तेव्हा सिरिलनं पाना घेतला, टेबलाखाली सरपटला आणि दोन बोल्ट सोडवले. जन्मात त्यानं कधी लाल दिवा ओलांडला नव्हता. पट्टी कोटाखाली दडवून तो सायकलनं ब्लेड्सच्या शेतावर पोचला.

यंत्र कोठारात गोणपाटाखाली होतं. ईनिडनं तेल घातलं, सिरिलनं पट्टी खाचेला लावली. ती आत गेली आणि खट्कन बसली. कानस नाही, हातोडा नाही. सिरिल गुडघ्यांवरच थांबला. पंधरा वर्षांत एकही तुकडा इतक्या सुखानं जागेवर बसलेला त्यानं पाहिला नव्हता.

"रडतोयस का रे बदकू?"

"तेल उडालं डोळ्यात."

"बरं. आता दांडा फिरव."

सलगमाच्या पातळ चकत्या घमेल्यात पडू लागल्या. मेंढ्या धावत आल्या.

मंडळानं त्याला काढलं नाही. त्याच्याशिवाय बादल्यांच्या नोंदी कुणाला वाचता येत नव्हत्या. टाउलनं कॅनडाहून नवी पट्टी मागवली, चकचकीत, सोबत अस्सलपणाचा दाखला. ती बसवण्याच्या समारंभात फीत सिरिलनंच कापावी असा आग्रह झाला. त्यानं कापली. नको म्हणायला त्याला जमायचं नाहीच. मात्र गुरुवार त्यानं ईनिडसाठी राखून ठेवला. यंत्राचं एकेक चाक गंज खरवडून, मूळच्या निळ्या-तांबड्या रंगात दोघांनी उभं केलं. ऑड्री डबा घेऊन यायची. यंत्रापेक्षा तिचं ईनिडशी जास्त जमलं.

२००४च्या उन्हाळ्यात त्यांनी ते जुन्या शेती-अवजारांच्या जत्रेत मांडलं. परीक्षक तरुण, टाय लावलेला, हातात वही. तो यंत्राभोवती तीनदा फिरला आणि खटक्यापाशी थबकला.

"काम सुरेख आहे," तो म्हणाला, "पण हा भाग मूळचा नाही. हा कपलडिच ब्रॅकेट. लँकेस्टर विमानातला. फार प्रसिद्ध आहे. गुण कापावे लागतील."

सिरिल उठून उभा राहिला. चेहरा लालबुंद, बोट वर. "मी कपलडिच आहे!" तो गरजला.

परीक्षकाचे डोळे विस्फारले. त्यानं वही खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी सिरिलचा हात धरला. "सर! मग तर तुम्हाला मी सांगायलाच नको!"

सिरिल काही बोलणार, तोच ईनिडनं त्याच्या कोटाची मागची बाजू खेचली.

"खाली बस. दुसरा नंबर येतोय, तेवढा घेऊ दे मला. ब्याण्णव सालापासून या जत्रेत मला नुसतं उत्तेजनार्थ देतात."

तो बसला. ऑड्रीनं त्याच्या हातात चहा दिला. घरी जाऊन त्यानं परीक्षकाला चार पानी पत्र लिहिलं, आकृतीसह. ते पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापलं गेलं, 'विमानतज्ज्ञ कपलडिच यांचा विनोद' या मथळ्याखाली.