टाकीमागची वाटी
शेजारी तांबड्या रश्शाला फोडणी पडली, की मला शाहूपुरीतल्या आमच्या गच्चीवरचा नव्वद-एक्याण्णवचा तो रविवार आठवतो. आमचं घर लिंगायत, मटणाचं नावही निघत नसे. पण बाबांना बढती मिळाली आणि हापिसातली मंडळी पार्टीसाठी हटूनच बसली. आईनं परवानगी दिली ती अटींवर: रस्सा गच्चीत तीन विटांच्या चुलीवर होईल, भांडी पाव्हण्यांनीच आणायची, आणि आमची एकही वाटी वर जायची नाही. भर दुपारी ती जिन्याच्या तोंडाशी पाट टाकून बसली आणि खाली येणाऱ्या आम्हा घरच्यांचे हात हुंगू लागली. माझ्या हातांना लिंबाचा वास होता. "पाव्हण्यांना लिंबं चिरून दिली," मी म्हटलं. बाबा म्हणे वर नुसती दही-भाकरी खात होते. संध्याकाळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं आमचं नाव कोरलेली वाटी सापडली, तळाला तांबडं तेल. आई बाबांवर कडाडली, "तुम्हीच नेलती न्हवं? मला काय कळत न्हाय व्हय?" बाबांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "व्हय, चुकलं माझं." त्यानंतर कितीतरी वर्षं आईनं त्यांचं ताट वेगळं घासलं. परवा, बाबांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी, तीच वाटी पुसत तिनं मला विचारलं, "आता तरी खरं सांग, त्यांनीच खाल्लंतं न्हवं?" मी पंचेचाळिशीची बाई. लिंबू चिरत होते, ते चिरतच राहिले आणि म्हटलं, "व्हय, त्यांनीच."