मेश्रामबाईंची कार्डं

मेश्रामबाईंच्या भाचीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी बँकेच्या रांगेत उभी होते. "मावशी सकाळी गेली," एवढंच ती म्हणाली. रांग पुढे सरकली. मागच्या गृहस्थांनी "अहो, आपण रांगेत आहात की नुसत्याच उभ्या?" असं विचारलं, तशी मी बाहेर येऊन पायरीवर बसले. त्याला आता सात आठवडे झाले. मेश्रामबाईंबद्दल लिहायचं तर एक गोष्ट कबूल करावी लागते, म्हणून इतके दिवस लिहिलं नाही.

कर्वेनगरात बालवाडीच्या शिक्षिका तयार करणारी आमची छोटी संस्था होती. मेश्रामबाई तिथल्या ग्रंथपाल, मी त्यांची सहायक. भंडाऱ्याहून नोकरीसाठी एकट्या पुण्यात आलेल्या. लग्न केलं नाही, बहिणीच्या मुलीला, प्रज्ञाला, शिकायला जवळ ठेवून घेतलं. बालपण, खेळ, घरातल्या चालीरीती, लहानांचं शिक्षण यांवरची नवी पुस्तकं आली की त्यांची यादी बाई सुवाच्य अक्षरात फळ्यावर लावत. पुस्तकं बहुतेक इंग्रजी, परदेशातल्या मुलांवरची. बाई ती आधी स्वतः वाचत आणि बालवाडी सुटायच्या सुमारास, मुलांना न्यायला आलेल्या आयांमध्ये आवारात जाऊन बसत. नव्या सोसायट्यांमधून धुणीभांडी करणाऱ्या बायका त्या. काही बाईंच्याच मुलखातल्या. पुस्तकात काय म्हटलंय ते बाई त्यांना सोपं करून सांगत, आणि मग एकेकीला विचारत, "तू काय करते व?"

त्या जे सांगत ते बाई कोऱ्या कार्डावर उतरवून घेत. एका पुस्तकात लिहिलं होतं की तान्ह्या मुलाला आईच्या वासाच्या कापडाचा आधार वाटतो. त्यावर एक जण म्हणाली होती, कामाला जाताना मी अंगावरचं लुगडं बदलते आणि ते त्याच्या उशाशी ठेवून जाते, मग तो रडत नाही. दुसरी तांदूळ निवडताना लेकीला खडे मोजायला द्यायची; तिला अंक तसेच आले. प्रत्येक कार्डावर, लेखकाचं नाव लिहितात त्या जागी, बाई त्या आईचं नाव लिहीत. आणि ग्रंथालयाच्या सूचीत त्या पुस्तकाच्या कार्डामागे, त्याच खणात, ते लावून ठेवत. मला तो बाईंचा छंद वाटायचा.

मग संगणक आले. शेजारीपाजारी प्लेग्रुपच्या इंग्रजी पाट्या लागल्या, संस्थेलाही घाई झाली. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, म्हणून ग्रंथालयाच्या नोंदी माझ्याकडे आल्या. त्या प्रोग्रॅममध्ये प्रकाशक आणि किंमत भरल्याशिवाय पुढे जाता येत नसे. बाईंच्या कार्डांना दोन्ही नव्हतं. मी ती काढून एका खोक्यात भरली. बाई तेव्हा बहिणीच्या आजारपणासाठी भंडाऱ्याला गेल्या होत्या. आल्या की विचारू, असं ठरवलं होतं. पण खोकं दाराशी जुन्या वर्तमानपत्रांजवळ राहिलं, आणि शनिवारी रद्दीवाला सगळंच घेऊन गेला...

बाई परत आल्यावर मी सांगितलं. त्या अर्धवट रिकाम्या खणावर हात ठेवून उभ्या होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यातलं एखादं तरी वाचलं होतंस का, मंजिरी?"

"नाही, बाई."

त्यांनी खण लावून घेतला आणि डबा खायला बसल्या. पुन्हा कधी हा विषय काढला नाही. निवृत्त झाल्या, मग मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवा हात गेला, शब्द अडायला लागले. मी दर महिन्याला भेटायला जायचे. त्या माझ्या मुलीची चौकशी करायच्या, मी आणलेली नवी पुस्तकं चाळायच्या. माफी मागायची म्हणून कितीदा गेले आणि चहा पिऊन परत आले.

गेल्या रविवारी प्रज्ञाने बोलावलं. खिडकीपाशी बाईंचं टेबल होतं, त्यावर कार्डांची चळत, माझ्या भेटींत कधी न दिसलेली. आठवून आठवून बाई ती पुन्हा लिहीत होत्या. डाव्या हाताने. मोठी, वेडीवाकडी अक्षरं, एकेका कार्डावर तीन-चार ओळी. मी तिथेच बसून सगळी वाचली. लुगड्याचं होतं, खड्यांचंही होतं. कुणी काय सांगितलं ते बहुतेक आठवलं होतं, पण सांगणारीचं नाव पुष्कळ ठिकाणी कोरं होतं. एका कार्डावर तर नावाच्या जागी नुसतं लिहिलं होतं, 'जुळी मुलं होती, हसताना तोंडावर पदर धरायची.'

प्रज्ञा म्हणाली, "तुम्हाला आठवतं का हो हिचं नाव? मावशी शेवटपर्यंत आठवून पाहत होती."

बाई आवारात बसत त्या सगळ्या दुपारी मी तिथून दहा पावलांवर होते. खिडकी उघडी असायची, त्या बायकांचं बोलणं ऐकू यायचं. मी नोंदी करत होते.